पलीकडे मेलेले, अलीकडे ठणठणीत

मेलेला माणूस बुटांच्या दुकानात स्टुलावर बसून, नवा बूट करंगळीला चावतोय म्हणून तक्रार करत होता. दुकानदार त्याला समजावत होता की चामडं आहे, वापरून वापरून सैल पडेल. त्यावर मेलेला माणूस म्हणाला, "अहो, ते सैल पडेस्तोवर मी टिकायला हवा ना." दुकानदार खो खो हसला. समोरच्या बाकावर एक पाय अनवाणी टाकून बसलेली आकडेवाली मात्र हसली नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या पायरीवर तिच्या सँडलची टाच तुटली होती, उद्या सकाळी आरोग्य खात्याच्या साहेबांसमोर आकडे मांडायला उभं राहायचं होतं, म्हणून ती लंगडत कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली होती. आणि इथे हा बसलेला. गेल्या वर्षी तिनेच याला मारलं होतं. मारलं म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर एका चौकोनात 'जिवंत' होतं, ते पुसून 'मृत' केलं. नाव नव्हतंच तिथे, नुसता नंबर. पण नंबरापुढे धंदा लिहिलेला होता, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, आणि डॉक्टरने तपासताना टिपलेलं होतं, वरच्या ओठावर जुना घट्टा. पुलापलीकडच्या अख्ख्या वस्तीत असा घट्टा एकाच ओठावर होता, आणि त्या ओठाने तिच्या लहानपणी गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या कानाचे पडदे फाडायचेच काय ते बाकी ठेवले होते. भोंगेमामा. लोक म्हणायचे, यांनी गॅलरीत सूर लावला की तीन घरं सोडून दूध नासतं. मारून झाल्यावर त्या संध्याकाळी तिला घास गिळवेना. नवऱ्याला तिने पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याने सोडा आणून दिला, तोही तिने निमूटपणे पिऊन टाकला.

"काय गं टिटवे," मेलेला माणूस म्हणाला, "अशी बघतेस जसं काही मी तुझे पैसे बुडवलेत."

टिटवी. या नावाने हाक मारणारं पुलाच्या अलीकडे कोणी नव्हतं. तिने इकडे येताना ते नाव तिकडेच ठेवलं होतं, बोलण्याची पलीकडची लकबही तिकडेच सोडली होती. अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टर बाईंना, लॅबवालीला, कोणालाच माहीत नव्हतं की आपल्या आकडेवालीचं माहेर त्या पुलाखालच्या गल्लीत आहे. लपवलं असं नाही म्हणता येणार. कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, एवढंच. पण सासूबाई चहा पिताना 'ते पलीकडचे लोक' असं म्हणायच्या, तेव्हा तिचा हात कपाकडे जाता जाता थबकायचा, आणि मग पुढे जायचा.

"मामा, तुम्ही बरे आहात?"

"बरा? चावतोय मेला."

"बूट नाही हो. तुम्ही."

भोंगेमामांनी दुकानदाराकडे पाहिलं. तो मागे दुसरा जोड शोधायला गेला होता. मग त्यांनी स्टूल तिच्या बाकाजवळ सरकवलं. "तुला माहितेय होय," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतंच म्हणाले. "असणारच. त्या मोठ्या इमारतीत काम करतेस, तुझी आई सांगायची. ऐक. मी एकदम ठणठणीत आहे. परवाच तुमच्या इथली डॉक्टरीण म्हणाली, आजोबा, तुमच्यासारखे पेशंट असते तर मला रोज दुपारी झोप काढता आली असती."

"आमच्या इथली? पण तुमचा दवाखाना तर पलीकडे."

"तिकडे कशाला मरायला जाऊ? नोंदणीच्या खिडकीत कोण बसते ठाऊक आहे? माझी विहीण." इथे ते थांबले, जणू एकदा विहीण म्हटल्यावर पुढे काही सांगायची गरजच नाही. मग तरी सांगितलं. "ती आधी भाजीच्या दुकानात होती. मी आरामात गोळ्या आणायचो. एक दिवस गेलो तर खिडकीत ही. म्हणते, व्याही, तुम्ही इकडे कुठे? म्हटलं, विहीणबाई, इथून जाताना तुमचा आवाज ऐकला, म्हटलं राम राम करून जावं. आणि तसाच माघारी वळलो. आता काय, म्हणू तिला, विहीणबाई, ते एचआयव्हीचं कार्ड काढा माझं? माझी पोर तिच्या घरी नांदतेय. मग इकडे आलो. नवं नाव सांगितलं, म्हटलं मी कधी गोळी पाहिलीसुद्धा नाही. तुझी मामी सोडली तर कोणाला पत्ता नाही. एक दिवस गोळी चुकवलेली नाही, हां. ट्रंपेट चुकेल, गोळी चुकायची नाही."

"तुम्ही एकटेच असं करता?"

"एकटा कसा? मंगळवारी पुलावरून इकडे येणारी बस बघ. अर्धी बस खिडकीबाहेर बघत असते. कोणी कोणाला ओळखत नाही. माझा सख्खा साडू माझ्या मागच्या सीटवर असतो, मी त्याला ओळखत नाही, तो मला ओळखत नाही. उतरताना एकमेकांना 'जरा सरका' म्हणतो." ते उठले, बूट घालून दोन पावलं टाकून पाहिली, तोंड वाकडं केलं. मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "टिटवे, हे तुझ्या पोटात राहू दे. माझ्या पोरीचा संसार आहे."

ती म्हणाली, राहील. तसं म्हणून गेली, आणि मग तिला कळलं की आपण काय कबूल करून बसलोय.

मिळाला तो जोड पायात घालून ती ऑफिसकडे चालू लागली, पण पाय एकीकडे आणि डोकं भलतीकडे. इतकी वर्षं बाई, लॅबवाली आणि ती मिळून दोन्ही दवाखान्यांतल्या माणसांचं रक्त मोजत होत्या. अलीकडचे लोक आणि पलीकडचे लोक. औषध तेच, डोस तोच, डॉक्टरही तितकेच शिकलेले. आणि तरी पलीकडचे भराभर मरत होते, अलीकडचे नाबाद. का, हे शोधायचं होतं. पलीकडच्यांचे आईबाप कधीकाळी दुसरीकडून कारखान्यात काम करायला आलेले, म्हणून बाईंना पहिल्यापासून वाटायचं की काहीतरी रक्तातच आहे. बाई वाईट नव्हत्या. बाईंनी या आजाराच्या पहिल्या पेशंटांना, जेव्हा बाकीचे डॉक्टर दारातूनच नाडी बघत होते, तेव्हा हाताने जेवू घातलेलं. पण बाईंना एखादी गोष्ट वाटली की ती वाटण्यात मुक्काम ठोकायची. मग प्रश्न आला गळालेल्यांचा, म्हणजे जे गोळ्या न्यायला यायचेच बंद झाले त्यांचा. ते गेले की आहेत? अलीकडे माणसं पाठवून शोध घेतला, तर गळालेले बहुतेक जण खरोखर वारलेले निघाले. पलीकडे पत्ते सापडेनात. दार उघडणारा म्हणे, असं इथे कोणी राहतच नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून, तीही त्यात होती, ठरवलं की अलीकडचाच हिशेब पलीकडे लावू. गळाला तो मेला असं धरू. रीत म्हणून चुकीची नव्हती, जगभर करतात. फक्त ती रीत काढणाऱ्यांना विहीण नव्हती.

आणि तिथेच, रस्ता ओलांडताना, अर्ध्यावर, तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चटकन पेटलं आणि ती उभीच राहिली. एक सायकलवाला तिला वळसा घालून काहीबाही बोलत गेला. पहिलवान. बाईंचे पहिलवान. अलीकडच्या दवाखान्यात काही माणसं अशी यायची की आजार तर पक्का, गोळी म्हणाल तर कधी घेतलेली नाही, आणि पहिल्याच तपासणीत बघावं तर व्हायरस मोजायलाही सापडू नये इतका कमी. अंगच्या ताकदीवर व्हायरसला चीत करणारी माणसं. अशी असतात, जगात कुठे कुठे, हजारात एखाददुसरं. बाईंच्या दवाखान्यात मात्र ती दर मंगळवारी उगवत होती. बाईंनीच त्यांना पहिलवान नाव दिलं होतं आणि पोटच्या पोरांसारखं त्यांचं कौतुक चालवलं होतं. उद्याच्या सगळ्या भाषणाचा मुकुटमणी हे पहिलवान. अलीकडच्यांच्या रक्तात काहीतरी दैवी आहे आणि पलीकडच्यांच्या रक्तात काहीतरी खोट. आणि ते पहिलवान तर हे. बसच्या खिडकीतून बाहेर बघणारे. भोंगेमामा पलीकडे मेलेले होते आणि अलीकडे पहिलवान होते. एका माणसाने दोन्ही पारड्यांत बसून तराजू वाकवला होता, आणि वर बूट चावतो म्हणून भांडत होता.

हे हसण्यासारखं होतं, आणि तिला हसू येतही होतं, पण हसू छातीपर्यंत येऊन तिथे काकापाशी अडलं. काका, वडिलांचा धाकटा भाऊ. गोळ्या यायच्या आधीच्या काळातला. आई त्याचं ताट वेगळं ठेवायची, विचारलं की म्हणायची, फुप्फुसाचं आहे. आणि टिटवीला शाळा सुटल्यावर डबा घेऊन रुग्णालयात पाठवायची. वॉर्डाच्या दाराशी सिस्टर उभी असायची, चष्मा नाकाच्या टोकावर. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, कोण तुझे हे? पोरीने तोंड उघडायच्या आत पलंगावरून काका खणखणीत आवाजात म्हणाला, "शेजारच्यांची पोर आहे हो. पुण्य मिळवायला येते." सिस्टर हसली. काका तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात इतकं सगळं घरचं होतं की तिला काही कळायच्या आतच कळलं. त्याने तिला तोडून टाकलं होतं, तिच्याच भल्यासाठी, आणि तोडताना एवढी मजा आणली होती की तिला रडायलाही जागा उरली नाही. पुढे रोज तो तसंच करायचा. "आलीस का शेजारणी? तुझ्या आईने मीठ टाकायचं सोडून दिलंय का गं?" वॉर्डातले सगळे तिला शेजारीण म्हणू लागले. तो गेला तेव्हाही सिस्टरने तिला सांगितलं, बाळ, त्यांच्या घरच्यांना बोलावून आण. आणि ती पळत घरी गेली, घरच्यांना बोलवायला, आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. कधीतरी तिला वाटायचं, आपण सगळी आकडेमोड शिकलो ती त्या एका वाक्याच्या रागाने. कोण कोणाचा, हे तरी नीट लिहिलेलं असावं. आणि आज रस्त्याच्या मधोमध तिला उलटंच दिसत होतं. पलीकडची माणसं गोळी सोडून पळाली नव्हती. गोळी सोडायची नव्हती म्हणून पळाली होती.

आणि उद्या बाई साहेबांना काय सुचवणार होत्या? की पलीकडच्यांच्या हातात गोळ्या देण्यात अर्थ नाही, ते टिकत नाहीत. त्यांनी रोज दवाखान्यात यावं आणि नर्सच्या समोर गोळी गिळून जावं. रोज, दिवसाउजेडी, सगळ्या वस्तीदेखत, विहिणीच्या खिडकीसमोरून. साहेब सही करतील. मग मात्र पलीकडचे खरंच मरतील, आणि आकडा खरा ठरेल, आणि बाई म्हणतील, बघा. तिने चालायला सुरुवात केली. नवे बूट दगडासारखे होते. ती जोरात चालत होती.

बाईंच्या खोलीत उद्याची तालीम चालू होती. लॅबवाली खिडकीच्या कठड्यावर बसून शेंगदाणे खात होती. बाई टेबलामागे, चष्मा कपाळावर.

"टाच तुटली म्हणे," बाई म्हणाल्या. "आजच तुटली हे बरं. उद्या साहेबांसमोर तुटली असती तर त्यांना वाटलं असतं आमचा अभ्यासच लंगडा आहे."

"लंगडाच आहे, बाई."

लॅबवालीचा शेंगदाणा तोंडाशी राहिला. बाईंनी चष्मा खाली घेतला. बाईंनी चष्मा खाली घेतला की शिपाईसुद्धा जिन्यावरून परत जायचा.

"उद्याचं सांगू नये," आकडेवाली म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "पहिलवान पहिलवान नाहीत. गोळ्या खाऊन आलेली माणसं आहेत. पुलापलीकडून. तिकडे आपण त्यांना मेले म्हणून धरलं आणि इकडे पहिलवान म्हणून मिरवलं."

"कोणी सांगितलं तुला?"

"ते सांगणार नाही."

"सांगणार नाहीस, की सांगता येत नाही?"

"दोन्ही."

"वा. उद्या साहेबांना हेच सांगू. आमच्या आकडेवालीला दृष्टांत झाला."

"बाई," लॅबवाली म्हणाली, "पहिलवानांच्या पहिल्या दिवशीच्या रक्ताच्या जादा नळ्या आहेत माझ्या फ्रीझरात. रक्तात औषध असेल तर दिसतं. बघायचं कधी कोणाला सुचलंच नाही, कारण सगळे म्हणाले होते, गोळी पाहिली नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं आणि परत जागेवर बसलं. बाई हट्टी होत्या, पण खोटं त्यांना पचायचं नाही, स्वतःचंही नाही. "बघ मग," त्या म्हणाल्या. "आणि ज्याच्या रक्तात औषध निघेल त्याला बोलावून घेऊ. विचारू, बाबा रे, तू खरा कोण. मागचं कार्ड जोडून टाकू. सगळं स्वच्छ."

"नाही," आकडेवाली म्हणाली.

"आता काय?"

"आधी नळ्यांवरची लेबलं काढायची, मग औषध बघायचं. कोणाच्या रक्तात निघालं हे आपल्याला कळता कामा नये. तुम्हाला, मला, कोणालाच."

"वेडी आहेस का? लेबलं काढली की त्या नळ्या कोणाच्याच नाहीत. पुढे त्यांचं काही करता यायचं नाही. माझे पहिलवान गेले ते गेलेच, वर कोण होते तेही कळायचं नाही. इतक्या वर्षांची मेहनत आहे. तुझीसुद्धा."

"माझीसुद्धा," ती म्हणाली. "त्यांना एकदा बोलावून विचारलंत ना, की पुढच्या मंगळवारी बस रिकामी येईल. आणि मग ते कुठेच जाणार नाहीत. इकडे नाही, तिकडे नाही. मग आपलं म्हणणं खरं होईल, बाई. पलीकडचे मरतात, हे."

बाई बोटाने टेबलावरची एक न दिसणारी धूळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ओळखीच्या माणसाला घाबरतात, असंच ना? त्यात काय मोठंसं. तिकडची खिडकीवाली बाई इकडे आणून बसवू, इकडची तिकडे. उद्याच हुकूम काढते."

आकडेवालीला ठसका लागला. लॅबवालीने पाणी दिलं. पाण्याच्या पेल्याआड तिला डोळ्यांसमोर दिसलं, भोंगेमामा मंगळवारी नव्या नावाने खिडकीत वाकतायत आणि आतून आवाज येतोय, व्याही, तुम्ही इथेही? "नको," ती कशीबशी म्हणाली.

"का नको?"

"तेही सांगणार नाही."

"बाई, हिला आज काहीही विचारू नका," लॅबवाली म्हणाली. "हिच्या तोंडाला कुलूप आहे."

"आणि औषध निघालंच नाही तर?" बाईंनी विचारलं, आणि आता त्या आकडेवालीकडे सरळ बघत होत्या.

"तर साहेबांना तुम्हाला हवं ते सांगा. माझं नाव अभ्यासावरून काढा. मी खुर्ची रिकामी करते." हे बोलताना तिला आश्चर्य वाटलं की आपला आवाज आता कापत नाहीये. घरी कर्जाचा हप्ता होता, सासूबाईंची औषधं होती, आणि तरीही आत कुठेतरी एक जागा होती जिथे काहीच हलत नव्हतं. काका पलंगावरून ओरडायचा तेव्हा त्याच्याही आत अशीच जागा असणार. तो घाबरलेला असणार, पण त्या जागेत नसणार.

बाईंनी फोन उचलला. फोनवर साहेब असावेत, कारण बाईंनी आधी पाठ ताठ केली. "साहेब, उद्याचं रद्द करावं लागतंय. हो, मला माहीत आहे तुम्ही गाडी सांगितलीय. नाही, आजारी नाही. चूक आहे आमच्याकडे. कोणाची? माझी समजा." आणि ठेवून दिला. मग लॅबवालीला म्हणाल्या, "तो फ्रीझर उघड, शेंगदाणे नंतर खा."

लॅबमध्ये उंच स्टुलं होती आणि पांढरा प्रखर उजेड. लॅबवालीने हातमोजे दिले आणि बर्फाच्या ट्रेमध्ये नळ्या आणून ठेवल्या. धुकं सांडत होतं. थंडीने लेबलं कडक झाली होती, टोक सापडेना. स्पिरिटचा बोळा घासायचा, टोक उचलायचं, अलगद ओढायचं. आकडेवाली नंबर वाचायचा नाही म्हणून डोळे किलकिले करून काम करत होती, आणि तरी हाताला प्रत्येक नंबर जाणवत होता असं तिला वाटलं. किती वर्षं तिने याच नंबरांना रांगेत उभं केलं होतं, बेरजा केल्या होत्या, त्यांच्यावर रेघा ओढल्या होत्या. ते सगळं आता चिकट चिटोऱ्यांचा एक गोळा होऊन कचऱ्याच्या डब्यात पडत होतं. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाईट वाटत होतं, पण हात थांबत नव्हता.

दार ढकलून बाई आत आल्या. हातातली अंगठी काढून खिशात टाकली, हातमोजे चढवले आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. बाईंना लेबल काही निघेना. सारखं फाटत होतं.

"असं आडवं नाही, बाई," लॅबवाली म्हणाली. "टाके काढता ना, तसं."

"मला शिकव आता," बाई म्हणाल्या, पण तसं केलं, आणि लेबल निघालं. मग पुढची नळी. त्यानंतरची. आणि मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "तू तिकडचीच का गं?"

लॅबवालीचे हात थांबले. आकडेवालीचे थांबले नाहीत.

"हो," ती म्हणाली. "पुलाखालची गल्ली. माझा काका याच आजाराने गेला."

बाईंनी मान हलवली, जशी एखाद्या तपासणीचा निकाल ऐकून हलवायच्या. बराच वेळ नळ्या एकमेकींना लागल्याचा बारीक आवाज येत राहिला.

"औषध निघालं तर तिकडचे सगळे गळालेले पुन्हा मोजावे लागतील," बाई म्हणाल्या. "दारं वाजवावी लागतील. तूच जा."

"जाईन. पण नाव विचारणार नाही. इतकंच विचारेन, कुठूनतरी गोळ्या मिळतायत ना. सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर नाही म्हणा."

"आणि सगळे नाहीच म्हणाले तर? काय लिहिशील?"

"नाही म्हणाले असं लिहीन," ती म्हणाली आणि पुढच्या नळीचं टोक नखाने उचललं. "नाही म्हणायला माणूस जिवंत लागतो, बाई."